भिमाआत्याचं हो

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. पप्पांनी वाचलं तर त्यांना वाटेल पोरगा आपल्या विरोधात गेला. तसं नाहीये. पण डोकं तापलंय नुसतं.

टी.वाय.ला भूगोल आहे माझा. कॉलेज नाशिकला, गाव सायखेड्याच्या पुढे. यंदा फील्डवर्कला विषय मिळाला, सौरऊर्जेला गावाचा पाठिंबा किती. सरांनी प्रश्नावली छापूनच दिली. जोडीदार सनी, आमच्याच गावचा. तो विचारणार, मी भरणार. आलेख मी मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून शिकलोय, म्हणून तेही माझ्याच गळ्यात.

सुरुवात मस्त झाली. सगळे हो म्हणत होते. नाही कशाला म्हणतील? गावात सोलरचा प्लांट यायचाय, आणि तो आला की शेतीला दिवसा लाईट. आत्ता एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीत पप्पा उसाला पाणी द्यायला निघाले की मोबाईलवर मोठ्याने गाणी लावतात, बिबट्या लांब राहावा म्हणून. आई ओट्यावर बसून ती गाणी ऐकू येतायत का बघते. पहिला फॉर्म पप्पांचाच भरला.

"हो लिही," ते म्हणाले. "दोनदा लिहिता येत असेल तर दोनदा लिही."

मग सनीच्या आत्याकडे गेलो. भिमाबाई. एकटीच असते. ती गायरानात जमीन कसते, सासऱ्याच्या वेळेपासून. म्हणजे जमीन सरकारची, कष्ट यांचे, सातबाऱ्यावर नाव नाही. आणि प्लांट नेमका तिथेच येणार, हे अख्ख्या गावाला माहितीये.

सनीने छापलेलं वाचलं. "सौरऊर्जेला आपला पाठिंबा आहे का?"

आत्या हसली. "असं काय रे परक्यासारखं विचारतो? हाय की. पत्र्यावर बघ, माझा पॅनल हाय. लाईट गेली की अख्खी गल्ली चार्जिंगला माझ्याकडं येती."

"मग हो लिहू?" मी म्हणालो.

"हो लिही. पण माझ्या वावरात नको, असं पण लिही. तिथं मला बाजरी पेरायची हाय."

मी फॉर्मकडे बघत बसलो. हो, नाही, सांगता येत नाही. तीनच चौकोन. कुठे, हा प्रश्नच नाही.

"सांगता येत नाही वर टिक कर," सनी म्हणाला.

"अरे तिला तर येतंय ना सांगता."

शेवटी हो वर टिक केली आणि कडेला बारीक अक्षरात तिचं वाक्य लिहिलं. पुढे गायरानात कसणाऱ्या प्रत्येक घरी तेच. हो, पण तिथं नको. कडा भरत गेल्या.

सरांना फोन केला. एक प्रश्न वाढवू का?

"मनोज, सगळ्या गटांची प्रश्नावली एकच पाहिजे, नाहीतर तुलना कशी करणार? कडेला लिहिलेलं आलेखात येत नाही."

चिडलो, पण सर चुकीचंही बोलत नव्हते. त्यामुळे अजूनच चिडलो.

आलेख काढला. गोल, जवळपास सगळा हिरवा. कॉलेजच्या ग्रुपवर टाकला, तिथून कुणीतरी गावच्या ग्रुपवर ढकलला. संध्याकाळी सरपंच किशोरभाऊ घरी.

"मन्या, लय भारी काम केलं. गुरुवारी ग्रामसभेत गायरानाचा ठराव घ्यायचाय. हे पडद्यावर तूच दाखव. कॉलेजचा सर्वे म्हणल्यावर कोण बोलतंय मग."

"भाऊ, यात गायरानाचं काही विचारलेलंच नाही."

"लोक हो म्हणले ना? झालं तर."

पप्पा इतके खुश होते की मी पुढे बोललोच नाही.

सनी भांडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "तुझ्या त्या हिरव्या भाकरीत माझी आत्या पण आहे. तिच्याच होवर तिचं वावर चाललंय."

"आणि माझे पप्पा रात्री उसात जातात त्याचं काय?"

"मी कुठं प्लांटला नाही म्हणतोय? वरच्या बाजूला माळ आहे की, नुसता दगडधोंडा. तिथं न्या. पण तिथं रस्ता नाय, रस्ता करायला वेळ जाईल, म्हणून कुणाला नको."

म्हणजे अजून वर्ष तरी आई ओट्यावर बसणार. हे मला कळत नाही असं नाही. पण गायरान गेलं तर आत्याकडे दुसरं काहीच नाही.

आज दोघं आत्याकडे गेलो. तुझा फॉर्म सगळ्यांसमोर लावू का, विचारलं.

"लाव की," ती म्हणाली. "पण अक्षर मोठं काढ बाबा, हे मुंग्यावानी दिसतंय."

परत येताना सनी गाडीवर मागे बसला होता. म्हणाला, "मन्या, गुरुवारी तुझे पप्पा पुढंच बसतील."

"माहितीये."

"मधेच अडकलास तर?"

"नाही अडकणार. आलेख लावणारच नाही. आत्याचा फॉर्म लावीन, कडेला लिहिलंय ते मोठ्याने वाचीन. मग गायरानातल्या बाकी घरांचं, वाचायला ज्यांची हरकत नाही त्यांचं. पप्पा उठून गेले तरी शेवटपर्यंत वाचीन. शब्द दिला तुला."