शोभत नाही!

जावा बेटावर, क्लातेनकडच्या आमच्या गावात पहिलटकरणीचं पोट ही सार्वजनिक मालमत्ता असते. येणारीजाणारी त्यावर हात ठेवून निकाल देते. टोकदार असलं तर मुलगा, गोल असलं तर मुलगी. दोन्ही नसलं तर सासू खायला घालत नाही! त्या पोटाच्या मालकिणीला काय वाटतं, हे मात्र विचारायची पद्धत नाही.

वेनिंगला भीती वाटत होती. अगदी पहिल्या महिन्यापासून. नवऱ्याला सांगितलं, तर तेगुह म्हणाला, "आईला विचार." आईला, म्हणजे सुपार्तीबाईंना सांगितलं, तर त्यांनी झटकन सुनेच्या पोटावरून हात फिरवला आणि "अमित-अमित!" म्हणून इडापिडा टाळली.

"असलं बोलू नये गं. बाळ ऐकतं."

बाळ ऐकतं, म्हणून घरात दुसऱ्या कुणी ऐकायचं नाही, असा एकंदर बंदोबस्त होता.

सातव्या महिन्याचा सोहळा आला. त्या दिवशी पहिलटकरणीने स्वतः रुजाक, म्हणजे फळांची तिखट-गोड कोशिंबीर, करायचं असतं. फळं चिरता चिरता वेनिंग हळूच म्हणाली, "आई, बाळ कालपासून हललं नाही."

"झोपलं असेल. बापावर गेलंय. तू मिरची वाट नीट. रुजाक फक्कड जमलं तर मुलगी होते, आणि मला मुलगीच हवीय!"

मग फुलांच्या पाण्याने आंघोळ झाली. मग सात वस्त्रं. एकेक वस्त्र अंगावर लपेटून सुपार्तीबाई विचारणार, "कसं दिसतंय?" आणि बायका एका सुरात ओरडणार, "शोभत नाही!" सातव्या, साध्या सुती वस्त्राला तेवढं "शोभतं!" म्हणायचं. रीतच आहे तशी.

सहावं वस्त्र अंगावर आलं आणि वेनिंगचा धीर सुटला.

"माझं बाळ हलत नाहीये हो!"

"शोभत नाही!" बायका तालात ओरडल्या.

आणि हसल्या. ताल जमला की हसू येतंच.

सुपार्तीबाईंची थोरली बहीण पार्नीमावशी तेवढी हसली नाही. तिने हातातली ताटली खाली ठेवली.

"सुपार्ती, पोरगी काय म्हणाली?"

"ताई, एकच वस्त्र राहिलंय. मग बघू."

"माझ्याही वेळी एकच राहिलं होतं. शोभावं म्हणून गप्प बसले. पोर गेलं. केस पिकले माझे, अजून कुणी विचारलं नाही, पार्नी, तुला काय वाटलं होतं! बाळ ऐकतं म्हणतेस ना? मग त्याच्या वतीने आईने बोलायचं नाही, तर कुणी? पाहुण्यांनी?"

ओल्या अंगानेच वेनिंगला आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या सुईणीने पोटावर यंत्र ठेवलं, सरकवलं, पुन्हा ठेवलं. खोलीत फक्त पंख्याचा आवाज येत होता.

"सकाळीच आणलं असतं तर?" सुपार्तीबाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही," सुईण म्हणाली.

"हो" म्हणाली असती तर बरं झालं असतं. "सांगता येत नाही" जन्मभर पुरतं.

मुलगी होती. रुजाक फक्कड जमलं होतं.

दोन दिवसांनी त्याच बायका समाचाराला आल्या. आणलेलं सगळं वाटून झालं: देवाची मर्जी, वय लहान आहे, दुसरं होईल. तोवर भिंतीकडे तोंड करून बसलेल्या वेनिंगने एकदम हंबरडा फोडला.

"मला दुसरं नको! हीच हवी होती!"

एक शेजारीण तिच्याकडे वाकून कुजबुजली, "अगं, चार माणसांत असं मोठ्याने... शोभत नाही!"

सुपार्तीबाई उठल्या. घडी न मोडलेलं सातवं वस्त्र आणून त्यांनी सुनेच्या खांद्यांवर घातलं.

"शोभतं," त्या म्हणाल्या. "रड पोरी. मी ऐकतेय."

वेनिंग रडली. पार्नीमावशीही रडली, तिचं बरंच जुनं शिल्लक होतं. त्याने काही परत आलं नाही.

वाचकहो, बाळ पोटात ऐकतं की नाही, ते शहाण्यांनी ठरवावं. पण पोटुशी बाई "भीती वाटते" म्हणाली, तर तो अपशकुन नसतो, निरोप असतो! तो घ्यायला पुढे कुणाचा तरी हात आहे, या आशेने पाठवलेला. तो त्याच दिवशी घ्या. सातव्या खेपेला घेतलेला निरोप फक्त रडायच्या कामी येतो.