दोन वेळची गोळी

मार्कंड्याच्या देवळाच्या समोरच्या तीरावर, म्हणजे चंद्रपूरच्या बाजूने, केवळरामची नाव लागायची. बापाच्या हातचा, नाव रेटायचा बांबू त्याच्या हाती आला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, आणि आता पन्नाशी जवळ आली होती. वैनगंगेत वाळू कुठे चढली, पाणी कुठे खोल गेलं, हे तो तीरावरूनच सांगायचा. छातीचं मात्र सात वर्षांपासून काही खरं नव्हतं. थंडी पडली की दमा उठायचा, आणि मग खाटेवर दोन्ही हात टेकून बसण्यापलीकडे काही सुचायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यातून पांढरी गोळी सुरू झाली. सकाळी एक, संध्याकाळी एक. पहिले आठ दिवस हात थरथरले, पोटात ढवळलं, मग सगळं निवळलं. गोळी अंगी लागली. दोन वर्षं त्याने नाव चालवली, जाळं टाकलं, पोरीचं लग्न केलं. गोळीचं नाव त्याला वाचता यायचं नाही, पण देवाच्या नावाआधी तिची आठवण यायची.

एकच खोड सुटत नव्हती, बिडीची. दिवसाला दोन कट्टे. दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, "केवळरामभाऊ, बिडी ओढायची आणि दम्याची गोळीही खायची, असं किती दिवस चालणार?"

त्याला ते लागलं. नव्व्याण्णवच्या संक्रांतीला तीळगूळ खाऊन त्याने उरलेला कट्टा चुलीत टाकला. देवकाबाईला, त्याच्या बायकोला, खरंच वाटेना. पण गडी पक्का निघाला. एक आठवडा गेला, दुसरा गेला. खोकला कमी झाला. तोंडाला चव आली.

आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच्या अंगात काहीतरी शिरलं.

आधी झोप गेली. मग बसणं गेलं. जेवायला बसला की दोन घासांनी उठायचा, अंगणात जायचा, परत यायचा, पुन्हा उठायचा. जाळ्याची गाठ मारायला घेतली तर दोरा सुईत जाईना. छातीत कोणी धान कांडत असल्यासारखं धडधडायचं. मासोळीच्या वासाने मळमळू लागलं, तेही मासे धरणाऱ्या धिवराच्या घरात! देवकाबाईने भात वाढायला एवढासा उशीर केला तर तो खेकसायचा, आणि खेकसल्यावर त्यालाच रडू यायचं.

"अवो, घडीभर बसा ना," ती म्हणायची. "का हुडकून राह्यले तुमी?"

"मले का मालूम! बसवतच नाई मले."

ज्याला त्याला कारण ठाऊक होतं. बिडी सुटली म्हणून होतं असं. भूपेश, त्याचा पुतण्या, जो नावेवर त्याच्या जोडीला असायचा, तो म्हणाला, "काका, एखादी ओढून घ्या. माणूस मरत नाई एका बिडीनं." केवळरामलाही तसंच वाटत होतं. बिडी आपल्याला परत ओढते आहे, आणि आपण हरायचं नाही. गोळीचा संशय त्याला कधी आलाच नाही. उलट छाती फार धडधडली की दमाच येणार असं समजून तो वेळेच्या आधीच गोळी घ्यायचा.

महाशिवरात्रीला जत्रा भरली. पहाटेपासून माणसांची रीघ. नावेमागून नाव सुटत होती. केवळराम बांबू धरून उभा होता, पण पाय एका जागी ठरत नव्हते. कोणी विचारलं, "भाऊ, किती वेळ?" तरी त्याच्या कानशिलात कळ जायची. डोकं ठणकत होतं. सकाळी खाल्लेलं सगळं उलटून पडलं होतं.

"बसा लवकर! बसा म्हणतो ना!"

जिवतीकडून आलेली एक म्हातारी, अंजनाबाई, एक पाय नावेत आणि एक पाय तीराला टेकवलेल्या फळीवर ठेवून उभी होती. हातात पूजेचं ताट. ती कोणाचा तरी हात शोधत होती. केवळरामला ते दिसलं, आणि दिसूनही त्याने बांबू रेटला. का रेटला, हे त्याला पुढे कितीदा विचार करूनही सांगता आलं नाही. थांबवलंच नाही त्याच्याने. नाव सरकली, म्हातारी पाण्यात गेली.

पाणी कमरेएवढंच होतं. भूपेशने उडी टाकून तिला धरलं. पण ती थंडीने आणि भीतीने काकडत होती, बायका ओरडत होत्या, आणि मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष गुणवंतराव गर्दीतून वाट काढत पुढे आले.

"दारू पिऊन नाव हाकतं का बे?"

"मी? आयुष्यात शिवलो नाई मी."

"मंग हात काऊन थरथरून राह्यले?"

केवळरामने सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि "हा" करून श्वास सोडला. वास नव्हता. पण हात सगळ्यांना दिसत होते. गुणवंतरावांनी बांबू काढून घेतला आणि भूपेशच्या हातात दिला. "गांजा असंल मंग," ते म्हणाले.

तो म्हातारीच्या पाया पडला. तिने पाय मागे घेतले.

दुसऱ्या दिवशी देवकाबाईने त्याला अक्षरशः ओढत दवाखान्यात नेलं. बाकावर जंगलातल्या एका पाड्यावरचा चैतू बसला होता, दम्याचाच रोगी, केवळरामच्या वयाचा. दर महिन्याला गोळ्या घ्यायला येताना दोघांची गाठ पडायची. केवळराम बसेना. बाकापासून दारापर्यंत, दारापासून बाकापर्यंत फेऱ्या.

"तुले नाई होत असं?" त्याने चैतूला विचारलं. "हात, छाती?"

"सुरुवातीले झालं," चैतू म्हणाला. "पोट बिघडलं, सपनं पडत. मंग काई नाई. मस्त हावो." आणि तो बाहेर जाऊन, भिंतीला टेकून, बिडी ओढू लागला.

केवळरामचं डोकंच फिरलं. नंबर नसताना तो आत शिरला. डॉक्टरीणबाई दुसऱ्या रोग्याला तपासत होत्या.

"बाई, हा का न्याय हाये? तो चैतू पाहा, धुराडं होऊन बसला हाये. गोळी तीच, दोन वेळची. त्याले काई नाई! अन् मी तुमचं आयकून बिडी सोडलो, तर माह्या जिवाचं असं होऊन राह्यलं! मी का पाप केलो?"

देवकाबाई त्याला मागे ओढत होती. पण बाई रागावल्या नाहीत. त्यांनी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग मनगट धरून घड्याळाकडे बघत नाडी मोजली.

"बिडी कधी सोडली?"

"संक्रांतीले."

"एकदम?"

"हाव. एकदम."

"आणि गोळ्या तेवढ्याच?"

"तेवढ्याच. कधी एखादी जास्त."

त्यांनी कपाटातून जाड पुस्तक काढलं, पानं उलटली, बराच वेळ वाचत राहिल्या. मग त्याला समोर बसवलं. तो बसला आणि गुडघा हलवत राहिला.

"चूक माझी आहे, केवळरामभाऊ. बिडी सोडा म्हटलं, पण सोडल्यावर या, हे सांगितलं नाही. बिडीच्या धुरानं तुमचं शरीर ही गोळी लवकर जाळून टाकत होतं. म्हणून तुम्हाला दोन लागायच्या आणि पचायच्या. धूर बंद झाला, आता तीच गोळी अंगात साचून राहते. दोन खाऊन जास्त खाल्ल्यासारखं होतं. हात, छाती, उलटी, झोप, सगळं त्यानंच."

"म्हणजे बिडी मले सांभाळून राह्यली होती?"

"नाही. बिडी तुमचं औषध खात होती. आणि छातीही."

तो हळूच म्हणाला, "ती म्हातारी..."

त्याला दोन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं, गोळी बंद. मग सकाळची एकच, तीही कमी ताकदीची. धडधड आधी उतरली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो असा झोपला की देवकाबाईने दोनदा नाकापुढे हात धरून पाहिला. निघताना बाईंनी बजावलं, "दम लागेल थोडा. लागला तर इथं या, मनानं गोळी वाढवू नका. आणि चैतूला सांगा, त्यानं बिडी सोडायची ठरवली की आधी मला भेटायचं."

दम लागलाच. सगळं पहिल्यासारखं झालं नाही. चढ चढताना छातीत शिट्टी वाजायची, जाळं ओढताना मध्येच थांबावं लागायचं. गावात अजूनही काहीजण त्याला गांजावाला म्हणत. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन तो नाव परत मागायला गुणवंतरावांकडे गेला, तर त्यांनी ती वाचून परत दिली. "पाहू," म्हणाले.

होळीच्या आधी, पलीकडे जायचं म्हणून ते स्वतःच तीरावर आले. नाव अजून भूपेशच हाकायचा, पण तो जेवायला गेला होता. गुणवंतराव थोडा वेळ उभे राहिले, मग नावेत जाऊन बसले. केवळरामने बांबू उचलला.

मधल्या धारेत त्याचा श्वास तोकडा पडू लागला. त्याने बांबू आडवा ठेवला आणि फळीवर बसला.

"का झालं?" गुणवंतराव दचकले.

"दम लागला जी. बसतो जरा."

नाव हळूहळू धारेबरोबर सरकू लागली. गुणवंतराव त्याच्या हातांकडे पाहत होते. हात मांडीवर होते, पसरलेले, स्थिर.

श्वास सुरळीत झाल्यावर तो उठला आणि बांबू तळाच्या वाळूत रोवला.