राजाची फळी

दोकसूच्या हाती सुकाणू असलं की म्हातारा डुलक्या काढायचा, आणि हीच गोष्ट बोंगमानच्या घशाखाली उतरत नव्हती. सुकाणू आपल्या हाती असताना बापाच्या डोळ्याला डोळा लागलेला त्याने कधी पाहिला नव्हता. तेव्हा म्हातारा ताठ बसायचा, मान कलती करून पाणी ऐकायचा, आणि त्याच्या गुडघ्यावरची बोटं हलत राहायची.

प्यो घराण्याची बोट एकच, लाकडी, एका शिडाची. गांगह्वा बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरून सलगम, लव्हाळ्याच्या चटया आणि खारवलेल्या जवळ्याचे रांजण भरून ती इंचॉनच्या बाजारात जायची. म्हातारा प्यो तिचा तांडेल. पण त्याच्या डोळ्यांवर आता पडदा आला होता आणि समोरचा माणूस तो खोकल्यावरून ओळखायचा. बोंगमान त्याचा एकुलता एक मुलगा. दोकसू हा थोरल्या मुलीचा, सुन्रेचा, नवरा. कोरियातल्या युद्धाच्या वेळी तो नदीपलीकडच्या योनबेकहून ओहोटीचा चिखल तुडवत आला, तेव्हा त्याच्या अंगावर भिजलेल्या कपड्यांखेरीज काही नव्हतं. तो राहिला, बोटीवर राबला, घरजावई झाला.

आणि आता मानाचं माशाचं डोकं त्याच्या वाडग्यात पडायला लागलं होतं. म्हाताऱ्याने कधी तोंडाने म्हटलं नाही, पण चॉपस्टिक आधी कोणाच्या वाडग्याकडे वळते हे बोंगमानला जेवणाच्या बैठ्या मेजाच्या दुसऱ्या टोकाहूनही दिसायचं. वारा कसा आहे हे विचारायचं तर म्हातारा हाक मारायचा दोकसूला. शिडाला ठिगळ लागलं, दोकसूला विचार. बोंगमान चाळिशीला आला होता, तरी असं काही झालं की त्याला लहान पोरासारखं सलायचं.

इंचॉनला जायचं तर बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या चिंचोळ्या खाडीतून उतरावं लागतं. वर हान नदी आणि तिच्या बहिणी समुद्राला मिळतात. भरतीचं पाणी कौलारू घर बुडेल एवढं चढतं आणि तेवढंच पडतं. सगळ्यात वाईट जागा ग्वांगसोंगच्या किल्ल्याखाली. तिथे किल्ल्याची सोंड पाण्यात घुसली आहे, समोरून गिंपोची टेकडी पुढे आली आहे, आणि मधल्या गळ्यात पाणी उतू जाणाऱ्या भातासारखं फुगतं. सोलला जाणारं धान्य याच तोंडातून वर जायचं, म्हणून बेट ज्याच्या हाती त्याच्या हाती राजधानीचा घास. मंगोल आले तेव्हा राजा इथे पळून आला. अमेरिकेची जहाजं तोफा डागत वर चढली तेव्हा बोंगमानचे पणजोबा पोरसवदा होते. लव्हाळ्यात गळ्यापर्यंत बुडून त्यांनी किल्ल्यावरचं निशाण उतरताना पाहिलं. मरेपर्यंत ते एवढंच सांगायचे की निशाण फार मोठं होतं.

मंगोलांपासून पळणाऱ्या त्या राजाला गळ्यातून नेणारा नावाडी म्हणजे सोन्दोल. समोर वाट दिसेना, बोट फेसाकडेच चाललेली. राजाला वाटलं, हा आपल्याला शत्रूच्या हाती देतोय. त्याने सोन्दोलचं डोकं उडवलं. मरण्याआधी सोन्दोलने पाण्यात एक भोपळा सोडला आणि म्हणाला, हा जाईल तसे जा. भोपळ्यामागून राजा सुखरूप पोचला. सोन्दोलची समाधी समोरच्या टेकडीवर आहे आणि दहाव्या महिन्यात त्याच्या मरणाच्या दिवशी जो गारठा सुटतो त्याला अजून त्याचंच नाव आहे. त्या दिवशी कोणी बोट सोडत नाही.

प्यो घराण्यात यावरून एक पद्धत पडली होती. मालक बसतो ती मागची फळी म्हणजे राजाची फळी. गळ्यातून बोट जाताना फळीवरच्याने तोंड उघडायचं नाही. उघडलं तर अर्थ एकच: सुकाणूवरच्यावर त्याचा भरवसा नाही.

उत्तरेकडे दोन-तीन वर्षं पुलाचे खांब उभे राहत होते. त्या वर्षी सलगम निघाले त्या आठवड्यात म्हाताऱ्याने दोघांना समोर बसवलं.

“आता मला दिसत नाही,” तो म्हणाला. “सोन्दोलचा गारठा सुटायच्या आत दोन फेऱ्या होतील. एक बोंगमानची, एक दोकसूची. ज्याच्या हाती मी फळीवर गप्प बसलो, त्याची तांडेलकी.”

“आणि दोघांच्याही फेरीत बोललात तर?” सुन्रेने भांडी आवरता आवरता विचारलं.

“तर पोराची. रीत आहे ती.”

“मग बाबांच्या तोंडात चिकट भाताचा गोळाच कोंबायला हवा,” सुन्रे म्हणाली. दोकसू हसला. बोंगमानला हसू आलं नाही.

पहिली फेरी त्याची होती, आणि त्याला तिची भीती नव्हती. गळ्यातून जायच्या खुणा त्याच्याजवळ होत्या. किल्ल्याच्या सोंडेवरचा काळा खडक आणि समोरच्या टेकडीवरचे जुळे पाइन एका रेषेत आले की बोट उजवीकडे घ्यायची, आणि बुरूज खडकाच्या मागे लपेपर्यंत तशीच धरायची. या खुणा पणजोबांपासून चालत आल्या होत्या. बाप मुलाला सांगायचा, बोटीवर दोघंच असताना. दोकसूला त्या कोणी सांगितल्या नव्हत्या. माशाचं डोकं गेलं तर गेलं, एवढी एक वस्तू तरी फक्त आपली आहे असं बोंगमान मनाशी म्हणायचा.

खडक आणि पाइन रेषेत आले. बोंगमानने बोट उजवीकडे घेतली.

“डावीकडे,” म्हातारा म्हणाला.

“बाबा, रेषेत आहे.”

“डावीकडे घे म्हटलं ना.”

त्याने घेतली. बोट सुखरूप गेली. इंचॉनला नांगर टाकताना दोकसू म्हणाला, “म्हातारा माणूस आहे रे. तोंडातून निघून जातं.”

“तुमच्या वेळी नाही निघत, दाजी,” बोंगमान म्हणाला.

घरी परतल्यावर त्याने दोन दिवस बापाशी गाठ टाळली. रेष बरोबर होती. म्हणजे चूक रेषेत नव्हती, बापाच्या मनात होती. म्हाताऱ्याने आधीच ठरवलं होतं, आणि फेरी हे नुसतं नाटक होतं. असा विचार केला की सगळं जुळायचं: माशाचं डोकं, डुलक्या, सगळं. सुन्रे त्याला बार्लीचा चहा द्यायला आली आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, “तोंड कसलं केलंयस, सडक्या सलगमासारखं? तुझा दाजी काही तुझ्या ताटातलं ओढत नाहीये.”

“त्याला ओढावं लागतच नाही,” तो म्हणाला. “वाढलं जातं.”

दुसऱ्या फेरीला बोट वजनाने पाण्यात खोल बसली होती. हिवाळ्याचं लोणचं, किमची, घालायचे दिवस, त्यामुळे जवळ्याच्या रांजणांना गिऱ्हाईक चांगलं. दोकसू सुकाणूवर, म्हातारा राजाच्या फळीवर घोंगडी पांघरून, आणि बोंगमान शिडाशी. बोट सोडताना दोकसूने रिवाजाप्रमाणे वाटीभर तांदळाची दारू पाण्यात ओतली आणि सोन्दोलच्या टेकडीकडे बघून मान लववली. परक्या मुलखातला माणूस, पण हे तो बोंगमानपेक्षा नीट करायचा. तेही बोंगमानच्या नजरेतून सुटलं नाही.

ओहोटी जोरात होती. किल्ल्याची सोंड जवळ आली. बोंगमानने मागे पाहिलं: म्हाताऱ्याची हनुवटी छातीवर टेकली होती. त्याला डुलकी लागली होती. गळ्याच्या तोंडाशी, एवढ्या आवाजात.

काळा खडक आणि जुळे पाइन एका रेषेत आले, आणि दोकसूने बोट उजवीकडे घेतली नाही.

तो तसाच सरळ राहिला. मग चक्क डावीकडे वळला, गिंपोच्या बाजूला, जिथे पाणी पांढरं होत होतं. मागच्या फेरीत बोट डावीकडे घेतली तीही फेसाच्या अलीकडेच; फेसात बोंगमानच्या आयुष्यात कोणी बोट नेली नव्हती. या माणसाला खुणा ठाऊक नाहीत, त्याला वाटलं, आणि बाप झोपलाय, आणि हा आपल्या पणजोबांची बोट फेसात घालतोय. भीती होती ती, पण नुसती भीती नव्हती. हे घडायलाच हवं होतं असं आतून कोणीतरी म्हणत होतं, आणि ते ऐकून त्याला बरं वाटलं.

“बाबा, हा बुडवतोय आपल्याला!”

म्हातारा काही बोलला नाही. तेव्हा बोंगमान रांजण ओलांडत मागे आला, त्याने सुकाणूच्या दांड्यावर हात घातला आणि सगळा भार टाकून बोट उजवीकडे वळवली.

“बोंगमान, सोड,” दोकसू म्हणाला. “खाली वाळू आहे.”

आधी तळाला खरखर झाली. मग बोट कशावर तरी बसल्यासारखी थांबली, पाणी तिला बाजूने ढकलू लागलं आणि रांजण घसरले. दोन फुटले. एक पाण्यात गेला.

“बोंगमान, हात काढ,” म्हातारा म्हणाला. डोळे न उघडता म्हणाला, आणि नाव चुकला नाही.

त्याने हात काढला. दोकसूने लांब बांबू वाळूत रोवला आणि खांदा लावला. बोट कण्हत सुटली, गर्रकन डावीकडे फिरली आणि फेसात शिरली. फेसाखाली पाणी खोल होतं. बोट गळ्यातून बाहेर पडली तेव्हा तळाशी सांडलेल्या जवळ्याच्या खारात तिघांचे पाय भिजले होते.

किल्ला मागे पडल्यावर म्हाताऱ्यानेच तोंड उघडलं.

“बोललो मी,” तो म्हणाला. “दोघांच्याही फेरीत बोललो. रीत म्हणजे रीत. तांडेलकी तुझी, बोंगमान.”

बोंगमानला हेच हवं होतं, आणि आता त्याच्या हातात आल्यावर ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना. “ती वाळू कधीची?” त्याने विचारलं.

“दोन हिवाळे झाले. पुलामुळे म्हणतात. कोणी म्हणतं वरून गाळ येतो.”

“मग सांगितलं का नाही मला?”

म्हाताऱ्याने घोंगडीची कड चाचपली. “काय सांगू? तुला दिलेली एकच वस्तू, तीही कुजली म्हणून सांगू? माझ्या बापाने मला दिलेली रेष मी तुझ्या हाती दिली, आणि तू तिच्यावरून नजर हलवत नाहीस. पाण्यावर तर तुझी नजर जातच नाही. याला मी काही दिलं नाही, म्हणून तो पाणी बघतो.” मग तो म्हणाला, “याच्या वेळी मला झोप लागते. तुझ्या वेळी कशी लागावी?”

दोकसू एका हाताने दांडा धरून दुसऱ्याने पाणी उपसत राहिला.

इंचॉनच्या बाजारात उरलेले रांजण उतरवले. सुन्रेची एक मैत्रीण तिथे मासळी विकायची. फुटलेल्या रांजणांची खापरं बघून तिने काय झालं ते विचारलं. दोकसूने सांगून टाकलं, “वाळूवर चढली. माझं लक्ष नव्हतं.” बोंगमानने ते ऐकलं. आभार मानावेत असं त्याला वाटलं नाही. या माणसाला एवढं मोठं होणंही परवडतं, याचाच त्याला हेवा वाटला.

परतीला भरती लागली होती. बोट सोडायच्या वेळी म्हातारा फळीकडे गेलाच नाही. शिडाच्या खांबाला पाठ टेकून खाली बसला. फळी रिकामी राहिली. सुकाणूही रिकामं होतं. दोकसू धक्क्यावर दोर हातात धरून उभा होता आणि वाट बघत होता.

तांडेल बोंगमान होता. काय करायचं ते त्यानेच सांगायचं होतं.

“दाजी,” तो म्हणाला, “सुकाणू धरा.” आणि तो जाऊन राजाच्या फळीवर बसला.

गळा आला. उलट्या बाजूने आलं तरी खुणा त्याच होत्या, आणि त्याच्या नजरेला त्या आपोआप सापडल्या: बुरूज, खडक, पाइन. सगळं रेषेत. दोकसूने रेष सोडली आणि फेसाकडे वळला. बोंगमानच्या जिभेवर शब्द येऊन उभा राहिला. त्याने दात आवळले. गुडघ्यावरची बोटं हलत होती, बापासारखी. ती त्याने मुठीत धरली. समोर खांबाशी म्हाताऱ्याची हनुवटी छातीवर टेकली होती, आणि ते बघून मनात पुन्हा तेच जुनं सललं. ते गेलं नव्हतं. त्याने तोंड मात्र उघडलं नाही.

सोन्दोलची टेकडी मागे पडली तेव्हा दोकसू म्हणाला, “झालं, तांडेल. आता बोल.”

बोंगमानने घसा खाकरला. विचारायला जड जात होतं, म्हणून त्याने पाण्याकडे बघत विचारलं, “वळताना काय पाहिलंत, दाजी?”

“इकडे ये,” दोकसू म्हणाला आणि दांड्याशेजारी जागा करून दिली.