पाठीवरची फुलं

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. तशी नावापुरतीच, कारण माझ्यावर फारसं कोणी बसलेलंच नाही.

माझा जन्म शहात्तर सालच्या सुमाराला वसईजवळच्या होळी गावात, व्हिन्सेंटच्या पडवीत झाला. अस्सल सागवान, विलायती घाट, वाकदार पाय, उंच पाठ आणि त्या पाठीवर गुलाबांचा घोस. व्हिन्सेंटच्या बापजाद्यांनी चर्चच्या वेदी कोरल्या होत्या. शेवटच्या बाकावरूनही दिसावीत म्हणून फुलं बोटभर उठावाची कोरायची, ही त्या घराची शिस्त. वेदीला कोणी पाठ टेकत नाही, खुर्चीला टेकतात, एवढं मात्र व्हिन्सेंटच्या ध्यानात आलं नाही.

मुंबईच्या प्रदर्शनात माझं कोण कौतुक झालं! भोवती दोरी बांधून मला दालनात मधोमध ठेवलं होतं. मोठमोठी माणसं वाकून फुलं न्याहाळायची. मीही फुगून गेले, खोटं कशाला बोलू?

घरी व्हिन्सेंटची बायको एमिली दम्याने बेजार होती. आडवं झालं की तिचा श्वास कोंडायचा, म्हणून ती चटईवर भिंतीला टेकून बसायची. एकदा ती माझ्यावर बसली, मागे टेकली आणि लगेच उठली.

"तुमची फुलं पाठीत घुसतात," ती नवऱ्याला म्हणाली.

तिने उशी लावून पाहिली. उशीने पॉलिश उतरेल म्हणून व्हिन्सेंटने ती काढून ठेवली. तो दुष्ट नव्हता, मित्रांनो. बायकोवर त्याचा जीव होता. एवढं प्रदर्शन होऊ दे, मग फुलं तासून सपाट करतो, असं त्याने सांगितलं. पण एकामागून एक प्रदर्शनं येत गेली. मग तिच्यासाठी म्हणून त्याने एक साधी खुर्ची करायला घेतली, तर हाताच्या सवयीने तिच्याही पाठीवर वेल चढली. ती दिल्लीच्या प्रदर्शनाला गेली. एमिली नुसती हसली.

दोन पावसाळे असेच गेले. एका दुपारी एमिली भिंतीला टेकल्या टेकल्याच गेली.

दफन आटोपून लोक रोझरीच्या प्रार्थनेसाठी घरी आले. शेजाऱ्यांचे बाक आणले, तेही पुरले नाहीत. मी कोपऱ्यात रिकामी होते. शेजारची म्हातारी रेजिना गुडघे दुखत असूनही माझ्या बाजूलाच उभी होती.

"बस ना, मावशी," व्हिन्सेंट म्हणाला.

"नको बाबा, ती तुझी प्रदर्शनाची," असं म्हणून ती हळूहळू खाली वाकली आणि एमिलीच्या जागी भिंतीला टेकून बसली.

त्यानंतरही व्हिन्सेंटने माझी फुलं तासली नाहीत, आणि पुन्हा पटाशीही हातात घेतली नाही. तो माझ्याकडे बघतो, पण फळीकडे बघावं तसा. मला काय वाटलं म्हणाल, तर काहीच नाही. लाकडाला काय वाटायचं?

वस्तू जपा, असं सगळ्या वस्तू तुम्हाला सांगतात. मला तर इतकं जपलं की अंगावर एक चरा नाही. म्हणून मी दुसरंच सांगते. घरात चांगली खुर्ची असेल, तर तिच्यावर आधी घरच्या माणसाला बसवा. पॉलिश उतरलं तर उतरू द्या.