उष्टं ताट

छबूबाईनं लेकाला दंडाला धरून पुढं ढकललं आणि जुन्या रिपोर्टांची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"ह्याला तपासा. रातीपासनं पाण्याचा थेंब दिला न्हाई."

"उपाशी या म्हणून कुणी सांगितलंच न्हवतं," योगीराज म्हणाला. "गंगाखेडापासनं पोटात कावळे वरडायलेत."

"वरडू दे."

डॉक्टर राजेश्री हसल्या. चार महिन्यांपूर्वी छबूबाईचा नवरा दत्तराव परभणीच्या याच दवाखान्यात पोटाच्या कॅन्सरनं गेला होता. त्याच्या गाठीचा तुकडा अभ्यासासाठी ठेवून घेतला होता. निकाल आल्याचा फोन आला आणि त्या दिवसापासून छबूबाईला एकच घोर लागला. बापाचं दुखणं लेकात उतरलं असलं तर?

"मावशी, शरीराच्या प्रत्येक पेशीत जनुकं असतात," डॉक्टर म्हणाल्या. "त्यातली काही राखणीची. पेशी वाटेल तशी वाढायला लागली की ती तिला आवरतात. दत्तरावांच्या पोटात अशी दोन जनुकं गप्प झाली होती."

"मोडली व्हती?"

"नाही. धड होती, जागेवर होती. पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा चिकटल्या होत्या. मिथाइल म्हणतात त्यांना. खुणा दाट झाल्या की जनुक असून नसल्यासारखं."

छबूबाईनं टेबलावर बोटानं एक रेघ ओढली आणि रेघेच्या टोकाला मूठ ठेवली.

"शेतातल्या दांडाच्या तोंडाशी मातीचा गोळा लावला की पाणी असून वाफा कोरडा. तसं?"

"अगदी तसं."

"मंग गोळा लावतं कोण?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"बऱ्याचदा एक जंतू. वर्षानुवर्षं पोटात राहतो. आतलं अस्तर सुजतं आणि त्या सुजेत या खुणा वाढत जातात."

"आन् लेकराला?"

"बापाच्या पोटातल्या खुणा लेकाकडं जात नाहीत. काही घराण्यांत जनुकच बिघडलेलं येतं, तेही आम्ही पाहिलं. दत्तरावांचं तसं नव्हतं. योगीराजची जंतूची साधी तपासणी करू. सापडला तर गोळ्यांनी जातो."

"ऐकलंस का माय? चल आता, चहा तरी पाज."

छबूबाई उठली नाही.

"त्यो जंतू येतो कुठून?"

"बहुतेकांना लहानपणीच लागतो. कधी नवऱ्याचा बायकोलाही लागतो. उष्ट्यातून, पाण्यातून. दत्तरावांच्या उष्ट्यात कोण जेवायचं?"

योगीराजनं आईकडं पाहिलं. अडतीस वर्षं दत्तराव जेवून उठला की छबूबाईनं त्याच ताटात वाढून घेतलं होतं. सून राणीनं लग्नानंतर पहिल्याच दिवशी वेगळं ताट घेतलं, तेव्हा "लय शिकल्याली हाय बाबा" म्हणून छबूबाईनं तिला आठवडाभर टोमणे मारले होते.

"पोटात जळजळ होते का तुमच्या?"

"व्हते कदी कदी. सोडा घेते पाण्यातून."

"माय, हे मला सांगितलं न्हाईस तू."

"तुला काय सांगायचं, तू काय डाक्टर हाईस?"

डॉक्टरांनी नळीच्या तपासणीचा कागद पुढं ओढला. उद्या सकाळी तुमच्या तोंडातून नळी घालून पोटाच्या अस्तराचा चिमूटभर तुकडा घेऊ, जंतू बघू, असं त्यांनी सांगितलं. खुणा किती दाट झाल्यात तेही मोजू. ते मोजणं अजून अभ्यासातलंच आहे, पण कुणावर जास्त लक्ष ठेवायचं ते त्यातून कळेल असं वाटतं.

"पुसता येत्यात का त्या खुणा?"

"जंतू गेला की नव्या पडायच्या कमी होतात. जुन्या काही पुसल्या जातात, काही राहतात. का, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

"बघा की मंग," छबूबाई म्हणाली. "माझ्या पोटात कळालं तर."

दवाखान्यासमोरच्या हॉटेलात योगीराजनं भिजवून परतलेल्या चुरमुऱ्यांची सुशीला मागवली. चार घास भराभर खाल्ले आणि मग ताटली दोघांच्या मध्ये सरकवली. छबूबाईनं ती दोन बोटांनी परत त्याच्यापुढं केली.

"भूक न्हाई का तुला?"

"हाय की."

तिनं पोऱ्याला हाक मारली.

"बाबा, अजून एक ताटली आण. येगळी."

योगीराजचा घास हातातच राहिला.

"खा तू," ती म्हणाली. "गार व्हायलंय."