अडतीस कोऱ्या चिठ्ठ्या

आमच्या पाळकसाहेबांना एक वाईट खोड होती. ते माणसांना विचारत.

आजवरचे पाळक सांगत. उठा म्हटलं की मंडळी उठायची, बसा म्हटलं की बसायची, आणि पटलं नाही तर घरी जाऊन बडबडायची. कसं सुखाचं चाललं होतं. अठ्ठ्याऐंशी साली हे शांतवन पाळक नगरकडून पिंपळनेरजवळच्या आमच्या चर्चला आले. वय एकतीस, मिशी अजून यावं की न यावं या विचारात. देवपूरला पाच दिवसांचं शिबिर करून आले आणि दिसेल त्याला अडवून विचारू लागले, "मंडळीत काय बदलावं वाटतं?" झिपरूबाबा म्हशीला पाणी पाजत होता, त्यालाही सोडलं नाही. तो म्हशीकडे बोट करून म्हणाला, "हिले इचारा."

कोणी बोलेना, तेव्हा साहेबांनी शक्कल लढवली. रविवारी उपासना झाल्यावर हरेकाच्या हाती कागदाचा तुकडा दिला. नाव घालू नका, मनातलं लिहा, घडी करून पेटीत टाका. आम्ही त्रेचाळीस माणसं, पेन्सिली सहा, आणि धड लिहिता येणारे पाचच जण. पण पाळकानं एवढ्या मायेनं दिलेला कागद परत कसा करायचा? आणि शेजारी सून बसलेली असताना "येत नाही" कोणत्या तोंडानं म्हणायचं? जो तो पाठ वळवून बसला, मांडीवर कागद धरून हात हलवला, आणि मोठ्या गंभीर चेहऱ्यानं पेटीत टाकून आला.

सोमवारी सकाळी मी दूध द्यायला गेले तर साहेब चहाला हात न लावता बसलेले. टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग, बाजूला धुळ्याच्या मोठ्या साहेबांच्या नावानं अर्ज. मला छापील वाचता येतं, हाताचं अडखळत. पण 'बदली' एवढं कळलं.

"अक्का, अडतीस कोऱ्या निघाल्या," ते म्हणाले. "लोकांना माझ्याशी बोलायचंच नाही. मी नकोसा झालोय इथं."

यांच्या आधी दोन वर्षं आम्हाला पाळकच नव्हता. प्रेतं माझ्या दिरानं, लोटननं, पुरली. आणि त्याला प्रार्थना एकच पाठ, तीही लग्नाची.

मी खुर्ची ओढली. "कोऱ्या कोण म्हणतं? तुम्हाला वाचता येत नाही असं म्हणा."

हळदीचा डाग असलेली घडी उचलली. "ही भागाबाई. तिचं म्हणणं, उपासना तासभर आधी घ्या. दहाला घेता, तोवर हिच्या शेळ्या दाव्याला ओरडत राहतात. ही चुन्याचं बोट लागलेली झिपरूबाबाची. त्याला उजव्या कानानं ऐकू येत नाही आणि तुम्ही त्याला डाव्या भिंतीला चिकटवता... नाही, थांबा, डाव्या कानानं. त्याच्या बायकोला, झुंबरबाईला विचारून सांगते. ही तिचीच, पदराच्या गाठीत ठेवून चुरगळलेली. खांबामागे बसून तिनं बारा वर्षांत एकाही पाळकाचं तोंड पाहिलेलं नाही."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"हापशावर या, तुम्हालाही कळेल."

एका कागदावर मजकूर नव्हता, नुसती झोकदार सही होती. साहेब म्हणाले, "नाव घालू नका म्हटलं होतं."

"लोटनचीच ती. बावीस वर्षं मंडळीचा पंच आहे, सहीशिवाय कागद सोडवत नाही त्याला. गुडघे गेलेत, पंचकी सोडायची आहे. पण 'राहा हो' असं कोणी म्हणालं नाही तर, ही भीती. आधी तीनदा आग्रह करा, चौथ्यांदा सोडा."

साहेब पहिल्यांदा हसले. मग चारी कोपरे जुळवून नीट घडी घातलेली एक चिठ्ठी त्यांनी पुढे केली. "आणि ही?"

"ही नाही ओळखत मी."

"अक्का, बाकीच्या बठ्ठ्या ओळखल्यात."

पाळकासमोर खोटं किती वेळ टिकणार? "मनी शे, माझीच," मी म्हणाले. "दुसरीपर्यंतचं माझं अक्षर. सही करताना कोंबडी चालून गेल्यासारखं दिसतं. तुम्ही ते पाहावं असं वाटलं नाही."

"मग सांगा. काय लिहायचं होतं?"

"गावात कोणी आजारी पडलं की प्रार्थनेला आम्हा बायांना बोलावतात. चर्चमध्ये मात्र आमचं तोंड फक्त गाण्यापुरतं."

"येत्या रविवारी तुम्ही चालवाल प्रार्थना?"

माझी जीभ आजवर सासूपुढे अडली नाही, पोलीसपाटलापुढे अडली नाही. तिथं अडली. दुधाची किटली उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग त्यांना काय ते तोंडावर सांगून टाकलं.

"चालवीन. पण आता माझं ऐका, पाळकसाहेब. विचारलंत ते बरं केलंत. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. पण उत्तराला चार दिवस न देता बिस्तरा बांधायला घेतलात, हे काही शहाण्याचं लक्षण नाही. माणूस चांगले आहात, कान तेवढे कच्चे. ते इथं राहून पिकतील. तो अर्ज आणा इकडं, दुपारची चूल पेटवायला कागद लागतो मला. आणि चहा प्या, गार झालाय."