मुंगीला गाडी लागते

मी एक करंडी. बांबूची, झाकणाची, एका अंगाला जरा तिरकी. सध्या माझा मुक्काम सुप्याजवळच्या एका घराच्या पडवीत आहे आणि माझ्या पोटात एक खुडूक कोंबडी बसली आहे. ती मध्येच टोचते, तेव्हा माझा सूर कुठे चिरका लागला तर मनावर घेऊ नका.

मला विणलं लाडू कुणब्याने. डोळे होते तेव्हा त्याच्या टोपल्यांना बाजारात मान होता म्हणे. मी नंतरची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर त्याने मला बोटांनी चाचपत विणलं, म्हणून ही अशी ठेवण. बाजारात मला कुणी हात लावला नाही. न लावो. नाकीडोळी नीटस करंड्या मिरच्या भरायला गेल्या आणि माझ्या वाट्याला कुत्री आली.

कुत्रीचं नाव मुंगी. अंगाने मांजराएवढी. लाडूची नजर गेल्यावर कुठूनशी आली आणि राहिली. दोरीचं एक टोक तिच्या गळ्यात, दुसरं म्हाताऱ्याच्या कमरेला. ती पुढे, तो मागे. नदीवर, शेतावर, देवळात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. म्हातारा धडपडला की आपल्या मानेला हिसका बसतो, एवढं तिला कळलं होतं, आणि हिसका कुणाला आवडतो?

त्या वर्षी खानापुरात डोळ्यांचा एक डॉक्टर येऊन राहिला. शिमग्यापर्यंत मोतीबिंदू काढणार आणि मग निघून जाणार, असा बोलवा होता. लाडूची सून फुला. नवरा लाकूडतोडीला जंगलात, त्यामुळे घराचा गाडा तीच ओढायची. तिने मनावर घेतलं. सुप्याहून खानापूरला तेव्हा नवीनच मोटार सुरू झाली होती.

लाडू म्हणाला, "मुंगी येत असंल तर येतो. परक्या गावात मी कुणाच्या मागनं चालू?"

"मी हाय न्हवं, मामा."

"तू हाईस गं. पण मी खड्ड्यात पडल्यावर तू सांगतीस, खड्डा हाय म्हणून."

फुलाने मुंगीला माझ्यात बसवलं.

आता आमच्याकडची रीत सांगते. दूरच्या वाटेला निघणाऱ्याला दहीभात खाऊ घातल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. फुलाने सासऱ्याला वाढला, आणि मुंगीही प्रवासालाच निघालेली, म्हणून तिलाही वाढला. वर जीव बारीक म्हणून आणखी एक मूठ. लोंढा गावाअलीकडची वळणं लागली आणि तो सगळा दहीभात माझ्या फटींतून शेजारच्या व्यापाऱ्याच्या धोतरावर गेला.

मोटार हाकणारा लक्ष्मण खानापूरकडचा, तोंडाने फटकळ. त्याने गाडी थांबवली. "दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला. डोळे अज्जाचे, आणि गाडी धुवायची मी." तिघांना रानात उतरवून तो निघून गेला. आम्ही चालत घरी परतलो. माझा वास कसा येत होता ते विचारू नका.

दुसऱ्या खेपेला फुलाने जास्त काळजी घेतली. म्हणजे जास्त दहीभात घातला. शिवाय मुंगीची दृष्ट काढली. या वेळी वळणंसुद्धा लागली नाहीत, सपाटीवरच मुंगी ओकली. लक्ष्मण म्हणाला, "अक्का, पुन्हा ही कुत्री दिसली तर मी गाडी थांबवणार न्हाई." फुला रस्त्यातच रडायला लागली. शिमगा जवळ आला होता, आणि डॉक्टर गेला की सासरा कायमचा आंधळा, हे तिला दिसत होतं.

बाईमाणूस रडायला लागल्यावर लक्ष्मण जरा वरमला. "हिला घालता तरी काय?"

"दहीभात. सगळ्यांना घालतात तोच."

"अगं अक्का, पोटात काय न्हाई तर ओकंल काय? उपाशी आण तिला. आणि आधी गाडीची वळख तर करून दे. एकदम कुणी नांदायला जातं काय?"

मग सुरू झालं आमचं गाडीशी सोयरपण जुळवणं. सुप्यात दुपारची मोटार उभी असायची. फुला मला तिथे नेऊन ठेवायची, आधी नुसती शेजारी, मग आत, खाली पायांशी, वारा लागेल अशी कडेला. माझ्यात लाडूच्या कांबळ्याचा तुकडा घातला, धन्याचा वास यावा म्हणून. लाडू शेजारी बसून झाकणातून हात आत घालायचा. पुढे लक्ष्मण यंत्र सुरू करून ठेवायचा, नंतर नदीपर्यंत जाऊन परत यायचा. तोंडाने मात्र कुरकुर चालूच. "माझी गाडी हाय का कुत्रीची सासुरवाडी?" तरी दुसऱ्या दिवशी बोलवायचा.

निघायच्या सकाळी घोडं अडलं ते फुलाच्या मनात. "उपाशी जीव उंबऱ्याबाहेर कसा काढू, मामा? आणि तेबी डोळे कापायला जाताना?"

"डोळे माझे कापायचेत, तिचे न्हाईत. आण हिकडं, तिच्या वाटणीचं मी खातो."

आणि खाल्लंन. दोघांचं. वळणं लागली, मुंगी गप्प बसून राहिली, आणि लाडूने बाहेर वाकून सगळी रीत रस्त्यावर सांडली. लक्ष्मणने वळून बघितलं. "आता कुणाला उतरवू?" गाडी हसली. धोतरवाला व्यापारी त्या दिवशीही होता, त्यानेच चूळ भरायला पाणी दिलं. अशा रीतीने आम्ही खानापूरला पोचलो.

सगळ्यांना वाटलं, मुंगीला आता गाडी लागत नाही. मला खरं काय ते माहीत होतं. ओकायला पोटात काही नव्हतं, एवढंच. वाटभर ती माझ्या तळाशी थरथरत होती आणि लाळेने कांबळं भिजत होतं. लाडूचा हात आत होता, पण त्या मोटारीत माणसं, फळ्या, मी, सगळंच थरथरत होतं. त्यात तिचं वेगळं त्याला काय कळणार? आणि करंडीला विचारतो कोण?

डॉक्टरने एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली, जाड काचांचा चष्मा लागला, आणि लाडूला दिसायला लागलं. फुला ओक्साबोक्शी रडली, या वेळी आनंदाने.

परतताना लक्ष्मणने त्याला आपल्या शेजारी बसवलं. म्हातारा लहान पोरासारखा सगळं बघत होता. लोंढा गेलं, वळणं सुरू झाली. तेव्हा त्याने सहज माझं झाकण उचललं. मुंगीला त्याने डोळ्यांनी असं जवळून कधी बघितलंच नव्हतं. तो बघत राहिला.

"ही गाडीत अशीच असती?"

"गप्प तर बसलीय, मामा. आता तिला काय होत न्हाई."

"गप्प न्हाई गं ती. भ्यालीया." "लक्ष्मण, गाडी थांबव."

"अज्जा, हितनं सुपा लांब हाय."

"मामा, डॉक्टरनं ऊन लावून घेऊ नका म्हटलंय," फुला म्हणाली.

"डोळ्यावर फडकं धरतो." तो उतरलासुद्धा. मुंगीला त्याने उचलून छातीशी धरलं. "माझ्या डोळ्यांसाठी बसली ही. आता डोळे परत आले. आता कशाला बसंल?"

मग काय, चालत. फुला मला डोक्यावर घेऊन वाटभर करवादत होती, आणि तरी पुढे जाऊन त्याच्यासाठी सावली शोधत होती. मुंगी पुन्हा कधी मोटारीत बसली नाही. मी रिकामी झाले, आणि रिकाम्या करंडीत कोंबडी बसायला किती वेळ लागतो?

तुम्ही कधी मुक्या जिवाला घेऊन वाटेला लागाल, तर त्याचं पोट हलकं ठेवा, गाडीची आधी ओळख करून द्या, हे तुम्हाला फुलाही सांगेल. माझं मागणं निराळं आहे. तो गप्प बसला म्हणजे बरा झाला, असं समजू नका. झाकण उघडून बघा.